एका पत्त्याच्या दोन वाटा

संगणकांचा कारभार अहोरात्र अखंड कसा चालू राहतो यावर लिहावे, असे संपादकांनी सुचवले, तेव्हा माझ्या मनात डिझेलवर चालणाऱ्या जनित्रांचे आणि वातानुकूलित दालनांचे चित्र होते. परंतु सर्व्हरांच्या त्या थंड, घोंघावत्या खोलीत गेल्यावर माझे लक्ष खिळून राहिले ते एका यंत्राच्या पाठीशी शेजारी शेजारी खोचलेल्या दोन केबलींवर, आणि त्या दोहोंना जगापुढे एकच म्हणून उभे करणाऱ्या, लिनक्सच्या कर्नलमधील ‘बाँडिंग’ नामक ड्रायव्हरवर.

त्याचे मूळ अमेरिकेत, नासाच्या गॉडार्ड केंद्रात आहे. १९९४ साली टॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे १६ साधे प्रोसेसर जोडून ‘बेओवुल्फ’ हा संगणकसमूह उभारला. त्या प्रोसेसरांपुढे १० मेगाबिटचे इथरनेट तोकडे पडू लागल्यावर बेकर यांनी एकाहून अधिक तारांवर वाहतूक वाटून देण्याची तजवीज केली, आणि त्यांच्या या कामातूनच पुढे आजचा ड्रायव्हर घडत गेला.

त्याच्या सात रीती आहेत. पाळीपाळीने प्रत्येक तारेवर पॅकेट सोडणारी रीत दिसायला सर्वांत न्याय्य, पण तिच्यात पॅकेटांचा क्रम विस्कटतो. स्विचशी करार करून चालणारी ‘८०२.३एडी’ ही रीत क्रम राखते. मात्र एका संभाषणाची सारी पॅकेटे ती एकाच तारेवरून नेत असल्यामुळे, १० गिगाबिटच्या दोन तारा जोडून एकच मोठी फाइल २० गिगाबिटच्या वेगाने जाईल अशी आशा बाळगणाऱ्याची निराशाच होते.

मला मोह पडला तो ‘अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप’ या सर्वांत साध्या रीतीचा. हिच्यात एक नेटवर्क कार्ड काम करते, दुसरे स्वस्थ असते, आणि दोन्ही एकच सामाईक हार्डवेअर-पत्ता धारण करतात. तार जिवंत आहे की नाही याची तपासणी बहुधा दर १०० मिलिसेकंदांनी होते, आणि ती मृत आढळताच दुसऱ्या कार्डाकडे मुखत्यारी जाते. तरीही एक अडचण उरतेच, कारण तो पत्ता कोणत्या पोर्टावर आहे याची जुनी नोंद स्विचच्या दप्तरी तशीच राहिलेली असू शकते, आणि ती पालटली नाही तर येणारी पॅकेटे मेलेल्या वाटेकडेच धाडली जातील. म्हणून, बिऱ्हाड बदललेल्या माणसाने टपाल कचेरीत आपण होऊन वर्दी द्यावी त्याप्रमाणे, नवे कार्ड कोणी न विचारता एक एआरपी संदेश प्रसारित करते, आणि स्विच आपली नोंद दुरुस्त करून घेतो. मधल्या क्षणी हरवलेली चार-दोन पॅकेटे टीसीपी पुन्हा पाठवतो. तेथील अभियंत्याने माझ्यादेखत चालती केबल उपटली, तेव्हा त्या सर्व्हरवर काम करणाऱ्या कोणालाही त्याची गंधवार्ता लागली नाही.

परंतु कोणालाही गंधवार्ता न लागणे, हाच या यंत्रणेचा सर्वांत मोठा धोका आहे. दोहोंपैकी एक तार गेली तरी एकत्रित जोडणी ‘चालू’च दिसते, केवळ तिच्यावर पहारा ठेवणारी देखरेख समाधानी राहते, आणि राखीव म्हणून ठेवलेली वाट केव्हाच खर्ची पडलेली आहे हे दुसरी तार तुटेपर्यंत कळत नाही. शिवाय ती १०० मिलिसेकंदांची तपासणी फक्त समोरच्या स्विचपर्यंतची; स्विच जागा असून त्याच्यापुढचा मार्ग बंद पडला, तर ड्रायव्हर निश्चिंतच राहतो. त्यासाठी ठरावीक दूरच्या पत्त्यांना एआरपीने हाक देऊन उत्तराची वाट पाहणारी दुसरी तपासणी उपलब्ध आहे; ती योजावी. आणि दोन्ही केबली एकाच स्विचमध्ये खोचलेल्या असतील, तर तो स्विच बसताच दोन्ही वाटा एकदमच बुडतात. त्या दोन स्विचांत विभागाव्यात हे खरे, पण ‘८०२.३एडी’साठी त्या दोन स्विचांना सर्व्हरपुढे एकच होऊन वागता यावे लागते, आणि ते प्रत्येक स्विचला साधत नाही.

ज्यांच्या हाती असे सर्व्हर आहेत त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, केवळ एकत्रित जोडणीवर विसंबू नका. प्रत्येक कार्डाची स्थिती आणि त्याची तार आजवर किती वेळा तुटली याचा आकडा ‘/प्रॉक/नेट/बाँडिंग’ या ठिकाणी कर्नल स्वतः लिहून ठेवतो. तो नियमाने वाचा, एकही कार्ड गळाले तर इशारा मिळेल असा बंदोबस्त करा, आणि पूर्वसूचना देऊन, ठरल्या वेळी, चालती केबल स्वतःच्या हाताने उपटून पाहा.