हळदीची पिवळी रेघ: दाताच्या फिलिंगमधलं लीकेज

आजच्या भागात मागे हातगाडीचा खडखडाट ऐकू येईल, मधूनच कुणीतरी शिंकेलही. इलाज नाही. रेकॉर्डिंग वाशीच्या एपीएमसी मार्केटात केलंय, मसाला मार्केटमधल्या एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर. माझा मामा इथे मेहताजी आहे, आणि आजचा विषय त्याच्याच दातातून निघालाय. (हा लेखी मजकूर करताना शिंका तेवढ्या गाळल्यात.)

दोन वर्षांपूर्वी मामाने हिरडीलगतचा एक दात भरून घेतला. चांदी नको, दिसते. म्हणून दाताच्या रंगाचं फिलिंग. पंधरा मिनिटांत काम झालं, मामा खूश. सहा-आठ महिन्यांत फिलिंगच्या कडेने पिवळी रेघ आली. मामा म्हणाला, "अरे, दिवसभर हळदीत बसतो, रंग चढणारच." मग गार पाणी झोंबायला लागलं. दुसऱ्या डॉक्टरांनी ते उघडलं तर आत दात मऊ पडलेला. नसेपर्यंत पोचायला थोडंच बाकी होतं. नाहीतर रूट कॅनल, वर कॅप, म्हणजे मेहताजीच्या पगाराचं गणित कोलमडलंच.

मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण गळती कुठून होते हे शोधणं हाच माझा धंदा, त्यामुळे त्या डॉक्टरांना पिडलं आणि नंतर बरंच वाचलं.

तर मूळ दुखणं असं. हे फिलिंग, म्हणजे कॉम्पोझिट, मऊ भरतात आणि निळ्या प्रकाशाने कडक करतात. कडक होताना ते आकसतं, साधारण दोन-तीन टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. पण जंतू असतो एक मायक्रॉनच्या आसपास, त्याला केवढी फट लागणार? त्यात मामासारखा माणूस कटिंग चहावर लगेच माठातलं गार पाणी पितो. कॉम्पोझिट गरम-गार होताना दातापेक्षा जास्त फुगतं आणि जास्त आकसतं, त्यामुळे कडेवरचा ताण रोजचाच. लॅबमध्ये गळती तपासतात तीही अशीच: भरलेला दात ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात शेकडो वेळा आलटूनपालटून बुडवायचा, मग रंगात ठेवायचा, कापायचा आणि रंग किती आत शिरला ते मोजायचं. मामाच्या तोंडात ही टेस्ट फुकटात चालू होती, रंग हळदीचा.

मग ते चिकटतं तरी कसं? १९५५ साली अमेरिकेत मायकेल बुओनोकोर यांनी इनॅमलवर फॉस्फोरिक ॲसिड लावून बघितलं. पृष्ठभाग खडबडीत होतो आणि रेझिन त्या बारीक खाचांत घुसून पकडतं. आज बहुतेक ठिकाणी सुमारे ३७ टक्क्यांचं ॲसिड जेल वापरतात, इनॅमलवर साधारण १५ सेकंद. पण इनॅमल हे दाताचं बाहेरचं कवच. आतलं डेंटिन ओलसर, नळ्या-नळ्यांचं. ॲसिड लावून ते फार कोरडं केलं तर त्यातली कोलॅजनची जाळी खाली बसते आणि बाँडिंग आत मुरत नाही. फार ओलं ठेवलं तरी पकड कच्ची. आणि हिरडीलगतच्या खड्ड्याची खालची कड बहुतेकदा इनॅमलच्या बाहेर असते. गळती तिथेच जास्त. मामाची रेघही खालीच होती.

यावर उपाय म्हणाल तर सगळे कंटाळवाणे आहेत, आणि सगळ्यांना वेळ लागतो. पहिला आणि माझ्या मते सगळ्यात मोठा: लाळ आणि रक्त लांब ठेवणं. ॲसिड लावलेल्या जागी लाळेचा थेंब पडला की ती पायरी परत करावी लागते. यासाठी रबर डॅम नावाचा रबराचा पातळ पडदा असतो, १८६४ पासूनचा. इतकी जुनी, साधी वस्तू, तरी तो न लावता काम उरकणारे पुष्कळ. मामाच्या बाबतीत खड्डा हिरडीला टेकलेला, म्हणून डॉक्टरांनी हिरडीच्या खोबणीत बारीक दोरा बसवला आणि कापूस बदलत राहिले.

दुसरं, थर. दोन मिलिमीटरच्या आसपासचा एकेक थर भरून प्रत्येक वेळी लाइट. जाड गोळा एकदम दाबला तर आकसण्याचा ताण कडेवर येतो आणि प्रकाश तळापर्यंत पोचत नाही. वरून दगड, खाली कच्चं. (सरसकट भरता येणारी वेगळी कॉम्पोझिटही निघालीत, ती चार-पाच मिलिमीटर चालतात.) लाइटचं टोक दाताजवळ हवं आणि मशीनची ताकद अधूनमधून मीटरने मोजायला हवी. नुसता निळा उजेड दिसला म्हणजे काम झालं असं नाही.

तिसरं, योग्य जागी दुसरा माल. मामाला खालच्या थरात ग्लास आयोनोमर भरलं, वर कॉम्पोझिट. ग्लास आयोनोमर दाताला रासायनिक रीतीने चिकटतं आणि फ्लोराइड सोडतं. झिजायला मात्र कॉम्पोझिटपेक्षा कच्चं. गंमत म्हणजे मामाने नाकारलेल्या चांदीची कड काही काळाने स्वतःच्याच गंजाने बुजत जाते. कॉम्पोझिटमध्ये तशी सोय नाही, जे करायचं ते पहिल्याच बैठकीत.

आता घाबरू नका, एक उलटी गोष्टही सांगतो. कडेवर रेघ दिसली म्हणजे आत कीड असेलच असं नाही. नुसता डाग असेल तर कधी पॉलिशने भागतं, कधी तेवढाच भाग दुरुस्त होतो. दर वेळी सगळं उकरलं की थोडा चांगला दातही जातो. झोंबणं, अन्न अडकणं, कड नखाला लागणं, यातलं काही असेल तर मात्र हळदीवर ढकलू नका.

खर्चाचं म्हणाल तर नवी मुंबईत नेरूळ, बेलापूर, कामोठे इथे डेंटल कॉलेजं आहेत. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त जातो, पण आजच्या विषयात तो गेलेलाच बरा.

मामाचं दुसरं फिलिंग पाऊण तास चाललं. आता ब्रश मऊ घेतलाय आणि आडवा घासणं बंद केलंय, मामी लक्ष ठेवते. चहावर गार पाणी मात्र अजून चालूच आहे. आत्ताही, हे बोलतोय तेव्हा, खाली त्याचा कटिंग आलाय आणि शेजारी तांब्या आहे.