लिथियमची गोळी चालू आहे? मग रक्ताची तपासणी चुकवू नका

आमच्या बचत गटातल्या एक ताई १२ वर्षांपासून लिथियमची गोळी घेतात. कधी अतिउत्साह, कधी खोल उदासी, अशा आजारावर ती देतात. गोळीनं ताई सावरल्या, घर-शेत सांभाळू लागल्या. गेल्या उन्हाळ्यात मात्र त्यांचे हात थरथरू लागले, चालताना तोल जाऊ लागला, बोलणं अडखळू लागलं. आम्हाला वाटलं, अशक्तपणा असेल. तपासणीत कळलं, रक्तात लिथियम वाढलं होतं.

लिथियम शरीराबाहेर टाकतात ती मूत्रपिंडं. घाम, जुलाब किंवा निर्जळी उपवासानं अंगातलं पाणी कमी झालं, की ते रक्तात साठतं. कंबरदुखीसाठी दुकानातून आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्यांनीही वाढतं. त्याचा मार मेंदूवर आणि नसांवर बसतो, क्वचित कायमचा राहतो. वर्षानुवर्षांच्या वापरानं मूत्रपिंडंही कमजोर होऊ शकतात. सारखी तहान, खूप लघवी होत असेल तर डॉक्टरांना सांगा.

दर सहा महिन्यांनी तरी रक्तातलं लिथियम, क्रिएटिनिन आणि थायरॉईड तपासून घ्या. लिथियमसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. पाणी पुरेसं प्या, जेवणातलं मीठ एकदम तोडू नका. उलटी-जुलाब झाले, थरथर वाढली, तोल गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. एरवी गोळी आपल्या मनानं बंद करू नका, आजार उलटतो.

ताईंचा डोस डॉक्टरांनी कमी केला. आता त्यांच्या तपासणीची तारीख आम्ही हप्त्याच्या वहीतच लिहून ठेवतो.