चौघांची मसलत

इसवी सन १७८० च्या प्रारंभी पुण्याच्या फडावरून जी पत्रे चहूंकडे रवाना होत होती, त्यांच्या दिशा पाहिल्या तरी नाना फडणिसांच्या मनात चाललेल्या मसलतीची व्याप्ती ध्यानात येते. कासिदांच्या जोड्या दक्षिणेस श्रीरंगपट्टणास हैदर अलीकडे, पूर्वेस भागानगरास निजाम अलीखानाकडे आणि वऱ्हाडापलीकडे नागपुरास मुधोजी भोसल्यांकडे जात होत्या. आणि पेशव्यांचे राज्य धरून या चारही सत्तांनी एकाच हंगामात इंग्रजांच्या मुंबई, मद्रास व कलकत्ता या तिन्ही ठाण्यांविरुद्ध शस्त्र धरावे, हा त्या सगळ्या लिखाणाचा मथितार्थ होता. पुणेकरांनी गुजरात, माळवा व कोकण येथे इंग्रजांस गुंतवून धरावे, हैदराने घाट उतरून आर्काटच्या मुलखात शिरावे, निजामाने समुद्रकाठच्या उत्तर सरकारांवर चालून जावे आणि भोसल्यांनी कटकावरून बंगाल्यात उतरावे, अशी ही वाटणी होती. कंपनीची तीन सरकारे एकमेकांपासून शेकडो कोस अंतरावर होती, त्यांचे आपसांत पटत नव्हते, आणि एकीची फौज खुष्कीने दुसरीच्या कुमकेस धाडावयाची तर ती या चौघांपैकी कोणाच्या तरी मुलखातूनच जावी लागणार होती. हिंदुस्थानातील शेजारी राज्यांनी इंग्रजांविरुद्ध इतक्या मोठ्या पल्ल्याचा संघ उभारल्याचे दुसरे उदाहरण मला तरी दिसत नाही.

कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’च्या सहाव्या अधिकरणात राजमंडलाचा जो विचार मांडला आहे, त्यात सरहद्दीला सरहद्द भिडलेला राजा हा स्वभावतःच शत्रू आणि त्याच्या पलीकडचा तो मित्र असे गृहीत धरलेले आहे. तो ग्रंथ म्हैसूरच्या ग्रंथालयातील पोथीवरून १९०९ साली छापला गेला, तेव्हा नानांच्या वाचनात तो असण्याचा संभव नाही; परंतु त्यांच्या काळातील दक्षिणेचा सारा व्यवहार त्या सूत्राबरहुकूम चाललेला होता. पेशवे, निजाम आणि हैदर यांच्या सरहद्दी एकमेकींस भिडल्या होत्या, आणि प्रत्येकाच्या दफ्तरात दुसऱ्याच्या नावे जुनी बाकी निघत होती. हे जुने हिशेब समजून घेतल्यावाचून संघ कसा जमला आणि कसा विस्कटला हे कळावयाचे नाही.

हैदराचेच घ्या. थोरल्या माधवरावांनी त्याच्यावर स्वाऱ्यांमागून स्वाऱ्या केल्या होत्या, आणि १७७१ साली मोती तलावाच्या लढाईत त्रिंबकराव पेठ्यांनी त्याच्या फौजेची दाणादाण उडविली होती. माधवरावांच्या मागून ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला आणि पुण्यात घरचीच आग पेटली, तेव्हा त्या संधीचा फायदा घेऊन हैदराने तुंगभद्रा ओलांडली, कृष्णेपर्यंतचा मुलूख घशात घातला, आणि १७७६ साली गुत्तीचा किल्ला घेऊन मुरारराव घोरपड्यांसारख्या नामांकित मराठा सरदारास कैदेत टाकले. त्या कैदेतच मुराररावांचा अंत झाला. अशा माणसाशी स्नेह करावयाचा म्हणजे पुणेकरांना केवढा घोट गिळावा लागला असेल! आता इंग्रजांविषयी हैदराची तक्रार काय होती ते पाहावे. १७६९ साली मद्रासच्या वेशीपर्यंत धडक मारून त्याने इंग्रजांकडून परस्परसाहाय्याचा तह लिहवून घेतला होता; परंतु पुढच्याच वर्षांत मराठे त्याच्यावर चालून आले असता मद्रासकरांनी त्याच्या साहाय्यास एक शिपाई पाठविला नाही. म्हणजे मराठ्यांविरुद्ध मदत केली नाही, हाच इंग्रजांचा अपराध मानून हैदर मराठ्यांच्या पक्षात आला होता. १७७९ साली इंग्रजांनी फ्रेंचांचे माहे बंदर घेतले, तेव्हा त्याच्या दारूगोळ्याची एक वाटच बंद झाली आणि त्याच्या रागाला धार चढली. नानांनी तुंगभद्रा व कृष्णा यांच्यामधील मुलूख तूर्त त्याच्याकडे राहू देण्याचे कबूल केले, त्याने ठरीव खंडणी भरण्याचे कबूल केले, आणि १७८० च्या फेब्रुवारीच्या सुमारास हा करार पुरा झाला.

निजामाचे दुखणे निराळे होते. उत्तर सरकारांबद्दल इंग्रजांनी त्याला सालीना पेशकश द्यावयाची, ती मद्रासकर चुकवू लागले होते. शिवाय त्याचा भाऊ बसालतजंग याच्याशी परभारे सूत जमवून त्यांनी गुंटूरचा परगणा आपल्या ताब्यात घेतला होता. भोसल्यांचे म्हणणे असे की, अलीवर्दीखानाने १७५१ च्या तहाने बंगालची चौथाई म्हणून दरसाल बारा लाख रुपये देण्याचे मान्य केले होते, ते दिवाणी मिळाल्यापासून इंग्रज देईनासे झाले. खुद्द पुणेकरांचे गाऱ्हाणे तर उघडच होते: साष्टी इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस बळकावली होती, राघोबादादांना हाताशी धरून गादीवर बसविण्याचा त्यांचा डाव चालू होता, आणि १७७९ च्या जानेवारीत वडगावास शरण येऊन जो करार त्यांनी लिहून दिला, तो कलकत्तेकरांनी लगोलग नाकारला होता.

अशा रीतीने शत्रू समाईक होता, परंतु शत्रुत्वाचे कारण प्रत्येकाचे वेगळे होते. नानांच्या मसलतीतील सर्वांत मोठे न्यून येथेच आहे असे माझे मत आहे. युद्ध कसे सुरू करावयाचे याचा तपशील चौघांत ठरला. ते कोणत्या अटीवर थांबवावयाचे आणि जिंकलेल्या मुलखाचे काय करावयाचे, याविषयी चौघांचे एकमत कधीच झाले नाही.

आपला शब्द तंतोतंत पाळला तो एकट्या हैदराने. १७८० च्या जुलैत ऐंशी हजारांच्या आसपास फौज घेऊन तो घाट उतरला, आणि मद्रासचे इंग्रज सावध होण्यापूर्वीच आर्काटचा मुलूख धुरात दिसेनासा झाला. १० सप्टेंबर रोजी कांचीपुरमनजीक पोल्लिलूर येथे कर्नल बेलीची पलटण त्याने आणि त्याचा मुलगा टिपू याने मिळून वेढली. बेलीच्या फौजेच्या मध्यभागी असलेल्या दारूगोळ्याच्या गाड्यांचा भडका उडाला, चौकोन फुटला, आणि शेकडो मेले, उरलेले कैद झाले. काही कोसांवर कांचीपुरमला हेक्टर मन्रो मुख्य सैन्यासह होता. त्याने बेलीच्या कुमकेस वेळेवर जाण्याचे साधले नाही, उलट आपल्या अवजड तोफा तळ्यात लोटून देऊन तो मद्रासेकडे माघारी फिरला. श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेतील महालाच्या भिंतीवर या लढाईचे भव्य चित्र काढलेले आहे. इंग्रज शिपायांचा तो चौकोन, त्यात उडालेला भडका आणि मध्ये पालखीत बसलेला जखमी बेली त्यात दिसतात. म्हैसूरकडे जाणाऱ्या मराठी प्रवाशाने ते सवडीने पाहावे. कारण या विजयात पुण्याच्या मसलतीचाही भाग आहे.

याच सुमारास बाकीच्या तिघांचे काय चालले होते? निजामाची समजूत काढण्यास कलकत्त्याचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याला फारसे कष्ट पडले नाहीत. त्याने मद्रासकरांची चूक पदरात घेतली, गुंटूर निजामाला परत करविले, आणि निजाम अलीखान मुकाट्याने घरी बसला.

भोसल्यांची कथा मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण या संघाचे मर्म तेथे फुटले. मुधोजींनी आपला मुलगा चिमणाजी यास सुमारे तीस हजार स्वारांसह १७७९ च्या पावसाळ्यानंतर बंगालच्या रोखाने रवाना केले. पुण्याला वाटले, ठरल्याप्रमाणे फौज निघाली. कलकत्त्याला नागपूरकरांकडून आतून खबर होती की फौज निघाली असली तरी ती पोहोचण्याची घाई करणार नाही. घोडदळाने काही आठवड्यांत काटावयाची मजल चिमणाजीने महिनोगणती रेंगाळत काटली, आणि १७८० च्या उन्हाळ्यात तो कटकास पोहोचला, तेव्हा पावसाळा दारात होता व मोहिमेचा हंगाम निघून गेला होता. पुढे त्या छावणीची दाण्यागोट्याची आणि शिबंदीच्या पगाराची टंचाई सुरू झाली, आणि ती टंचाई निवारण्यास पुढे आला तो हेस्टिंग्ज. लाखो रुपयांची रक्कम कलकत्त्याहून कटकास पोहोचली आणि बंगालवरील स्वारीचा विषय संपला. तेवढ्यावर हे थांबले असते तरी एक वेळ क्षम्य मानता आले असते. परंतु १७८१ च्या प्रारंभी कर्नल पिअर्सची बंगाली पलटणे ओरिसातून, म्हणजे भोसल्यांच्याच मुलखातून, खुष्कीने मद्रासकडे चालती झाली आणि त्याच वर्षी आयर कूटच्या सैन्यास मिळून हैदराशी लढू लागली. ज्या वाटेने भोसल्यांनी बंगालवर जावयाचे होते, त्याच वाटेने बंगालची फौज त्यांच्या दोस्तावर चालून गेली.

मुधोजींनी असे का केले, याचा उलगडा केवळ पैशाच्या लोभाने होत नाही. पुणे आणि नागपूर यांच्यामधील तेढ जुनी होती. १७६९ साली माधवरावांनी जानोजी भोसल्यांना नमवून कनकापूरचा तह लिहवून घेतला होता, आणि ती सल नागपूरकर विसरले नव्हते. साताऱ्याच्या गादीवर भोसल्यांचा हक्क पोहोचतो, हे आमिषही हेस्टिंग्जने मुधोजींपुढे धरून पाहिले होते. नागपूरकरांच्या दृष्टीने पुण्याची सरशी फार झाली तर तीही एक आपत्तीच होती. शेजाऱ्याच्या जयाची धास्ती शत्रूच्या जयाइतकीच वाटू लागली की कागदावरचा करार किती दिवस टिकणार?

पुणेकरांनी आपली बाजू राखली, हे न्यायाने सांगितले पाहिजे. इंग्रज सेनापती गॉडर्डने १७८० च्या फेब्रुवारीत अहमदाबाद व डिसेंबरात वसई घेतली. परंतु पुढे तो बोरघाट चढून पुण्यावर येऊ पाहू लागला, तेव्हा हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकर यांनी त्याची रसद तोडून त्याला असा जेरीस आणला की १७८१ च्या एप्रिलात मोठी हानी सोसून त्याला पनवेलीस परत फिरावे लागले. माळव्यात मात्र पारडे उलटे होते. ग्वाल्हेरचा दुर्गम किल्ला पॉफमने १७८० च्या ऑगस्टात घेतला, पुढल्या मार्चात कॅमकने महादजी शिंद्यांच्या तळावर रात्री छापा घातला, आणि स्वतःची जहागीर धोक्यात आलेली पाहून महादजींनी ऑक्टोबरात इंग्रजांशी तात्पुरता सलूख केला. त्याचीच परिणती १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळच्या सालबाई येथील तहात झाली. इंग्रजांच्या वतीने डेव्हिड अँडरसन आणि पेशव्यांच्या वतीने महादजी बोलणीस बसले होते. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई परत आली, राघोबांचा पक्ष इंग्रजांनी सोडला. आणि त्याच तहात असे कलम पडले की, हैदराने जिंकलेला इंग्रजांचा व आर्काटच्या नबाबाचा मुलूख पेशव्यांनी त्याला सहा महिन्यांच्या आत सोडावयास लावावा. ज्या दोस्ताने एकट्याने आपला शब्द राखला, त्याच्या विजयाची फळे त्याला न विचारता शत्रूला परत देण्याचे लिहून देण्यात आले.

नानांचे मन येथे कचरले, आणि त्यांच्या चरित्रातील हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. तहावर पेशव्यांचा शिक्का करण्यास त्यांनी महिनोन्महिने टाळाटाळ केली. हैदर लढत असताना त्याला उघड्यावर टाकण्याची त्यांची तयारी नव्हती, शिवाय तो उभा आहे तोवर इंग्रजांकडून आणखी काही पदरात पडेल, हीही आशा होती. ७ डिसेंबर १७८२ रोजी चित्तूरनजीक छावणीतच हैदर मरण पावला, आणि त्याच महिन्याच्या २० तारखेस नानांनी तह मंजूर केला. टिपूने लढाई चालू ठेवली आणि १७८४ च्या मार्चात मंगळूर येथे इंग्रजांशी स्वतंत्र तह करून तो मोकळा झाला. पुण्याला त्यानेही विचारले नाही.

दहा वर्षांच्या आत चित्र पालटले. टिपूच्या वाढत्या सामर्थ्याच्या धास्तीने १७९० च्या जूनमध्ये पुण्याने आणि जुलैत निजामाने इंग्रजांशीच त्रिवर्ग करार केला. हा संघ टिकला, याचे कारण त्यात जिंकलेल्या मुलखाची वाटणी आधी ठरली होती. त्या युद्धातील एक प्रसंग संघाचे मोल दाखवितो. १७९१ च्या मे महिन्यात इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणापर्यंत पोहोचला, पण बैल मेले होते, दाणा संपला होता, शिपाई उपाशी होते. आपल्या अवजड तोफा स्वतःच निकामी करून तो माघारी वळला. हरिपंत आणि परशुरामभाऊंची फौज जवळ आल्याची वार्ताही त्याला नव्हती, कारण टिपूच्या स्वारांनी वाटेतील कासिद गाठून पत्रे मधल्यामध्ये अडवली होती. मेलकोट्याच्या बाजूने अचानक घोडदळ दिसले, तेव्हा ते शत्रूचे समजून इंग्रजांनी प्रथम बंदुका सरसावल्या. मग मराठी लष्कराचा बाजार लागला. त्या बाजाराचे वर्णन इंग्रज अधिकाऱ्यांनी विस्मयाने केलेले आहे: धान्य आणि जनावरे तर होतीच, शिवाय काश्मिरी शाली, विलायती बनात, जडजवाहीर, चाकू-कात्र्या, आणि मांडून बसलेले सराफ. धान्याचा भाव चढा होता, तरी त्या बाजाराने उपाशी फौज वाचली. पुढील वर्षी १८ मार्चच्या तहाने टिपूचा निम्मा मुलूख गेला, तीन कोटी तीस लक्ष रुपये दंड बसला, आणि मराठ्यांची सरहद्द पुन्हा तुंगभद्रेस भिडली.

पुण्यात तेव्हा आनंद झाला, आणि तो स्वाभाविक होता. तथापि १७८० साली इंग्रजांना घायकुतीस आणणारी जी एकमेव दक्षिणी सत्ता होती, तिचे कंबरडे मोडण्यास आपण हातभार लावला, हेही त्या जमाखर्चात मांडावे लागेल. १७९५ साली खर्ड्यावर निजाम हरला, १७९८ साली तो इंग्रजांच्या तैनाती फौजेचा मांडलिक झाला. ४ मे १७९९ रोजी टिपू पडला. १३ मार्च १८०० रोजी नाना गेले. आणि १८०२ च्या अखेरच्या दिवशी वसईस दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौज पत्करली, तेव्हा त्याच्या साहाय्यास बोलवावा असा एकही स्वतंत्र शेजारी दक्षिणेत शिल्लक नव्हता. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनी दफ्तरांतून निवडून छापलेल्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त या दोन्ही मसलतींच्या काळची पत्रे आहेत. वाचकांनी १७८० ची आणि १७९० ची पत्रे शेजारी ठेवून वाचावीत, एवढीच विनंती.