खालचा आकडा छान म्हणजे सगळं छान?

"वरचं जरा जास्त आहे, पण खालचं एकदम छान आहे हो." बीपीची चिठ्ठी हातात आली की घरोघरी हे ऐकू येतं. सत्तरीच्या आजोबांच्या चिठ्ठीवर १६४/६८ लिहिलेलं असतं आणि ६८ कडे बोट दाखवून सगळे निश्चिंत होतात. या वयात मात्र वरचा आकडा चढण्याचं आणि खालचा उतरण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, ते म्हणजे महाधमनीला आलेला ताठपणा.

हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत लोटतं. तरुण महाधमनी त्या क्षणी फुगते, त्यातलं जवळपास निम्मं रक्त पोटात धरून ठेवते आणि हृदय विसावलेलं असताना आकसत ते पुढे ढकलते. घोड्यांच्या धमन्यांत नळ्या घालून रक्तदाब मोजणारा इंग्रज पाद्री स्टीफन हेल्स याने १७३३ च्या आपल्या पुस्तकात याला आगीच्या बंबातल्या हवेच्या पेटीची उपमा दिली होती. बंबाचा दांडा वरखाली होत राहतो, पण त्या पेटीमुळे पाण्याची धार तुटत नाही. धमनी ताठ झाली की ही सोय संपते. रक्त आत येतं तेव्हा भिंत मागे हटत नाही, म्हणून वरचा दाब उसळतो. हृदय विसावतं तेव्हा पुढे ढकलायला साठा उरलेला नसतो, म्हणून खालचा दाब उतरतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून चाललेल्या अभ्यासात हे चित्र स्पष्ट दिसलं. खालचा दाब पन्नाशी-साठीपर्यंत वाढतो आणि मग घसरू लागतो, वरचा मात्र चढतच राहतो.

या दोन आकड्यांतल्या फरकाला पल्स प्रेशर म्हणतात. तो साधारण ४० असतो. वयस्कर माणसात तो ६० किंवा त्याहून जास्त असेल, तर युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं त्याला धमन्या ताठरल्याची खूण मानतात. आजोबांचा फरक ९६ आहे. (एकट्या या फरकावरून निदान होत नाही. हृदयाची झडप गळत असेल, थायरॉइड वाढलेलं असेल किंवा रक्त फार कमी असेल, तरीही तो वाढतो.) शिवाय हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांना बहुतांश रक्त मिळतं ते हृदय विसावलेलं असताना, म्हणजे खालच्या दाबावर. म्हणजे वरच्या दाबामुळे हृदयाचं काम वाढलेलं आणि खालच्या दाबामुळे त्याचा पुरवठा आखडलेला, अशी दुहेरी पंचाईत होते. मेंदू आणि मूत्रपिंडांचं दुखणं वेगळं. तिथल्या बारीक वाहिन्यांत रक्त फारसा अडथळा न होता शिरतं, त्यामुळे महाधमनीने न झेललेला प्रत्येक धक्का थेट त्यांच्यावर आदळतो.

आजी-आजोबांना हसण्याचं कारण नाही, कारण डॉक्टरही कित्येक दशकं खालच्या आकड्यावरच विसंबून होते. अमेरिकेत १९७७ साली उच्च रक्तदाबाबद्दलचा पहिला राष्ट्रीय अहवाल आला, त्यात औषध सुरू करायचं की नाही हे खालच्या आकड्यावर ठरत होतं. म्हातारपणी फक्त वरचा दाब वाढलेला असेल, तर तो कमी करणं धोक्याचं ठरेल अशीही भीती होती. १९९१ साली 'शेप' या चाचणीचे निष्कर्ष आले. वरचा दाब १६० किंवा जास्त आणि खालचा ९० च्या आत, अशा साठीपुढच्या ४,७३६ जणांवर ती झाली होती. क्लोरथॅलिडोन या जुन्या, स्वस्त गोळीपासून उपचार सुरू केलेल्या गटात पक्षाघाताचं प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी झालं. ज्या दुखण्याला वयाचा भाग म्हणून सोडून दिलं जात होतं, ते औषधाला दाद देत होतं.

तरीही 'शंभर अधिक वय' हा हिशेब काही सुटत नाही. साठ वर्षांच्या माणसाला १६० चालतंच, असं बागेतल्या बाकावर आजही ठामपणे सांगितलं जातं. वय वाढलं की धमन्या ताठरतात यात खोटं काही नाही. धमनीच्या भिंतीतलं इलॅस्टिन हे ताणलं जाणारं प्रथिन मुख्यतः गर्भात आणि बालपणातच तयार होतं. ते कित्येक दशकं टिकतं, पण दिवसाला सुमारे एक लाख ठोके सोसून त्याचे तंतू तुटू लागतात. मग ताण कोलॅजनच्या कडक तंतूंवर येतो. मधुमेहात साखरेचे रेणू या तंतूंना एकमेकांशी जखडून टाकतात, म्हणून मधुमेह्याची धमनी वयाआधी म्हातारी होते. मूत्रपिंडं बिघडली असतील तर भिंतीत कॅल्शियमही साचतं.

पण ही झीज सगळ्यांची सारख्याच वेगाने होत नाही. ऑस्ट्रेलियातले संशोधक अल्बर्टो अव्होलिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली चीनमधल्या दोन वस्त्यांची तुलना केली: बीजिंग शहर आणि दक्षिणेकडच्या ग्वांगडोंग प्रांतातली खेडी. वयाबरोबर धमन्या दोन्हीकडे ताठरत होत्या, पण बीजिंगमध्ये त्याचा वेग बराच जास्त होता, आणि रक्तदाबही. दोन्हीकडच्या आहारातला मोठा फरक मिठाचा होता. खेड्यातले लोक शहरी लोकांच्या जवळपास निम्मं मीठ खात होते. अशा तुलनेतून मीठ हेच कारण आहे असं सिद्ध होत नाही, पण एवढं दिसतं की 'वयच झालं' हे उत्तर अपुरं आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. आपल्या ताटात लोणचं, पापड आणि वरून घेतलेलं मीठ यांचा हिशेब कोण ठेवतं?

आता ब्लॉकेजबद्दल. "अँजिओग्राफी क्लिअर आली, म्हणजे नसा चांगल्या आहेत" हे वाक्य अर्धंच खरं आहे. ब्लॉकेज हा धमनीच्या आतल्या अस्तराचा आजार आहे. तिथे कोलेस्टेरॉल साचतं, थर वाढतो, वाट अरुंद होते, आणि तेही जागोजागी. ताठपणा येतो तो मधल्या थरात, सगळ्या लांबीभर. अँजिओग्राफीत आतली वाट किती मोकळी आहे ते दिसतं, भिंत किती ताणली जाते ते दिसत नाही. दोन्ही आजार एकाच माणसात सोबत नांदू शकतात आणि एकमेकांना खतपाणी घालतात, पण एक नाही म्हणून दुसराही नाही असं होत नाही.

ताठपणा मोजतात तो नाडीच्या लाटेच्या वेगावरून. या चाचणीचं नाव पल्स वेव्ह व्हेलॉसिटी. वेग जास्त आला की "रक्त जोरात धावतंय, चांगलंच की" असा समज होतो. हा वेग रक्ताचा नाहीच. ठोक्याबरोबर धमनीच्या भिंतीतून जी दाबाची लाट जाते, तिचा तो वेग आहे, आणि भिंत जितकी कडक तितकी लाट वेगवान. मानेतली नाडी आणि जांघेतली नाडी यांच्यात लाट किती उशिराने पोचते ते मोजतात. अर्धा मीटर अंतर धरलं, तर तरुणाला सेकंदाला ६ मीटर वेगाने सुमारे ८३ मिलिसेकंद लागतात आणि १० मीटर वेगाने ५० मिलिसेकंद. सेकंदाला १० मीटर ही धोक्याची रेघ २०१२ साली तज्ज्ञांनी ठरवली.

लॅबच्या छापील अहवालात कधी १४५० असा आकडा येतो आणि घरात रडारड सुरू होते. तो बहुधा सेंटिमीटरमध्ये असतो, शिवाय दंड आणि घोटा यांच्यामध्ये मोजलेला असतो. ही पद्धत जपानमध्ये रुजली, तिची मोजपट्टी वेगळी आहे आणि तिचे आकडे मुळातच मोठे येतात. त्याला १० ची रेघ लावायची नाही. मनगटावरचं घड्याळ 'तुमच्या नसांचं वय' सांगतं, तो तर अंदाजाचा अंदाज.

या वेगाचा आणि हृदयविकाराचा संबंध आहे का? आहे, आणि पक्का आहे. २०१० साली १७ अभ्यासांतल्या १५,८७७ लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. वेग सेकंदाला एक मीटरने वाढला, की हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटनांचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी जास्त दिसला, तोही वय आणि इतर कारणं हिशेबात धरून. फ्रेमिंगहॅमच्याच २०१२ च्या एका अभ्यासात ज्यांची महाधमनी आधी ताठ होती, त्यांना पुढच्या सुमारे सात वर्षांत उच्च रक्तदाब होण्याची शक्यता जास्त आढळली. सुरुवातीचा रक्तदाब मात्र पुढच्या ताठपणाचं भाकीत करू शकला नाही. बीपीमुळे धमन्या ताठरतात ही समजूत त्याने एका बाजूने तरी हलवली.

म्हणून प्रत्येकाने ही चाचणी करून घ्यावी का? माझ्या मते नाही. फ्रान्समधल्या 'स्पार्ट' चाचणीत ५३६ उच्च रक्तदाबाचे रुग्ण होते. एका गटाचं औषध या वेगाकडे बघून ठरवलं, दुसऱ्याचं नेहमीच्या पद्धतीने. २०२१ साली निकाल आला तेव्हा पहिल्या गटाचा ताठपणा दुसऱ्यापेक्षा कमी वाढलेला होता, पण हृदयविकाराच्या घटनांत ठळक फरक नव्हता. चाचणी धोका दाखवते, पण तिच्यामुळे उपचार सुधारतात हे अजून सिद्ध व्हायचंय. बीपीचे दोन आकडे नीट वाचले तरी सामान्य माणसाचं बरंच काम भागतं.

सलाइनमधून 'नसा साफ' करून देणाऱ्या कीलेशनच्या जाहिरातींवर फार शब्द नकोत. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या मधुमेहींवर झालेल्या मोठ्या चाचणीचा निकाल २०२४ साली आला, त्यात फायदा दिसला नाही. तुटलेलं इलॅस्टिन कुठलीही बाटली जोडून देत नाही.

चालण्याने मात्र फरक पडतो. कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी बैठ्या, मध्यमवयीन पुरुषांना तीन महिने मुख्यतः चालायला लावलं. मानेच्या धमनीची लवचिकता सुमारे पाव हिश्शाने वाढली, आणि ती वजन किंवा बीपी घटल्यामुळे नव्हे. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. इतक्या थोड्या काळात तंतू बदलत नाहीत. बहुधा भिंतीतले स्नायू सैलावतात आणि आतलं अस्तर सुधारतं, त्यामुळे चालणं थांबलं की हा फायदाही ओसरू शकतो.

राहिली आजोबांच्या घरच्यांची भीती: "खालचं आधीच ६८, गोळीने आणखी उतरलं तर?" ही शंका रास्त आहे आणि ती डॉक्टरांना विचारायलाच हवी. त्यासाठी गोळी परस्पर बंद करू नये. मानेच्या धमनीत दाबाची जाणीव ठेवणारे चेतातंतू असतात. भिंत ताठ झाली की त्यांची जाण मंदावते आणि माणूस झटकन उठला की दाब सावरायला उशीर लागतो. म्हणून या वयात औषध हळूहळू वाढवतात आणि बीपी बसवून घेतलं की उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घेतात. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला, तर औषधांची यादी आणि डोस पुन्हा तपासावे लागतात. बहुतेक दवाखान्यांत उभं राहून बीपी घेतलंच जात नाही. तेव्हा ते आपणच मागून घ्यावं.