नवारीच्या विणींत जरीची नक्षी

पलंगाची नवार आपण सर्वांनीं पाहिलेली असते; पण तिची वीण निरखणारे थोडेच. तींत उभे धागे, म्हणजे ताणा, इतके दाट बसलेले असतात कीं आडवा बाणा केवळ कांठाशीं वळतांना डोकावतो. अशा पट्टीवर आडव्या धाग्यानें नक्षी काढणें सकृद्दर्शनीं विसंगत वाटतें. परंतु ही कला फार जुनी आहे.

स्वीडन देशांत मेलारेन सरोवरांतील एका बेटावर बिर्का नांवाची व्यापारी पेठ इ. स. ७५० ते ९७५ च्या सुमारास नांदत होती. तेथील थडगीं याल्मार स्टोल्पे यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खणलीं, व त्यांतील वस्त्रांचा अभ्यास आग्नेस येयर या विदुषीनें १९३८ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत सोन्यारुप्याच्या तारेची नक्षी असलेल्या अरुंद रेशमी पट्ट्या आहेत.

या विणकामास माग लागत नाहीं. चौकोनी पातळ पाट्यांच्या चारही कोंपऱ्यांस छिद्रें पाडून प्रत्येकांत एकेक उभा धागा ओंवतात. पाट्यांची चवड पाव फेरा फिरविली कीं धाग्यांत नवी फट पडते. तींतून बाणा जातो. नक्षीचा निराळा धागाही त्याच फटींत घालतात. मात्र आकृति हवी तेथें तो वर काढून उभ्या धाग्यांवरून नेतात आणि मधून मधून एखाद्या धाग्याखालीं दाबतात. आकृतीच्या कडेलाच तो मागें वळविला म्हणजे उलट बाजूस महाग जर वायां जात नाहीं. ही काटकसर आमच्या गृहिणींस खचित रुचेल!

खरा कस लागतो तो धाग्यांच्या निवडींत. नक्षीचा धागा ताण्याहून बारीक असला तर आकृति बुडते. फार जाड असला तर पट्टी फुगून कांठ वांकडे होतात. तो सैल पिळाचा असावा, म्हणजे पसरून खालचा रंग झांकतो. ताणा मात्र पक्क्या पिळाचा हवा, कारण पाट्यांच्या घर्षणानें केसाळ लोंकर एकमेकींत गुंतते. बाणा बारीक व ताण्याच्याच रंगाचा घ्यावा. जर फार अंतरानें दाबली तर ती झळकते खरी, पण बांगडींत अडकते. जवळ जवळ दाबली तर टिकते, पण ठिपक्यांनीं तिचें तेज मंदावतें. अंगावर वापरावयाच्या पट्टीस आमच्या मतें दुसरी रीतच बरी.

पहिल्या प्रयोगास खेळण्याचे जुने पत्ते चौकोनी कापून चालतात. ताण्याचें एक टोंक खिडकीच्या गजास व दुसरें कमरेस बांधावें. चवड एकाच दिशेनें फिरवीत गेल्यास पलीकडील धाग्यांस पीळ चढतो. तो अडूं लागला कीं दिशा उलटवावी.