झडप तीच, हिशेब नवा
तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी : लेखांक ७

या आठवड्यात ठाणे खाडीवरच्या पुलाकडे वळायचे ठरले होते. तो आता पुढच्या वेळी. नेरूळच्या एका वाचकांनी विचारले आहे, "आमच्या धारण तलावाच्या तोंडाशी लोखंडी झडपा आहेत. भरती आली की मिटतात, ओहोटीला उघडतात. यात अभियांत्रिकी कुठे आली?" प्रश्न इतका नेमका आहे की आजची सगळी जागा त्यालाच.

झडप हे तंत्रज्ञान, आणि ते इथलेच आहे. पेण, उरण, अलिबागच्या खारभूमीत पिढ्यानपिढ्या मातीच्या बांधात उघाडी बसवत आले आहेत. वरच्या कडेला टांगलेली एक फळी. खाडीचे पाणी चढले की ती चौकटीवर घट्ट दाबली जाते. ओसरले की शेतातले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. माणूस नको, वीज नको. ज्याने एकदा नीट पाहिली, तो आपल्या बांधाला तशीच बसवू शकतो.

१९७० साली नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली आणि पुढे अशाच खाजणांच्या काठी वसाहती उभ्या राहिल्या. उघाडीची जागा फ्लॅप गेटने घेतली, तत्त्व तेच. पण भातखाचरात चार तास पाणी साचले तर शेतकरी वाट पाहतो; वाशीच्या तळमजल्यावर साचले तर संसार भिजतो. झडप मिटलेली असताना पडणारा पाऊस ठेवायचा कुठे? इथे अभियांत्रिकी सुरू होते.

हिशेब करून पाहू. समजा, १०० हेक्टरांचे पाणी एका तलावात येते, तासाला ५० मिलिमीटर पाऊस आहे आणि झडप चार तास बंद आहे. सगळे पाणी वाहून आले असे धरले, तर २ लाख घनमीटर होते. तलावात वापरता येण्याजोगी खोली २ मीटर असेल, तर १० हेक्टर तलाव हवा, म्हणजे वसाहतीच्या दहाव्या हिश्शाएवढी जागा. ती मोकळी सोडायची, की भराव घालून जमीनच उंच करायची? किती पावसाला पुरेल असे बांधायचे? या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते. उधाण आणि ढगफुटी एकाच वेळी गाठतील, असे धरायचे की नाही? यातले एकही उत्तर झडप देत नाही.

या तलावांना डच पद्धतीचे म्हटले जाते. पण हॉलंडमधली बरीचशी जमीन ओहोटीच्याही पातळीखाली आहे, म्हणून तिथे पाणी उपसावे लागते. पूर्वी पवनचक्क्यांनी, आता पंपांनी. आपल्याकडे मोठ्या उधाणात भरती-ओहोटीतले अंतर चार मीटरच्या आसपास जाते. ओहोटीला पाणी आपसूक उतरते, तलावाला फक्त मधले तास सांभाळायचे असतात. तंत्रज्ञान उसने घेता येते. हिशेब मात्र आपल्याच खाडीचा मांडावा लागतो.

आणि तो एकदा मांडून संपत नाही. वरच्याच तलावात अर्धा मीटर गाळ बसला की ५० हजार घनमीटर जागा गेली. नवी मुंबईतल्या तलावांत गाळ साठला, त्यावर कांदळवन वाढले. ते संरक्षित आहे, हटवायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते, आणि खाडीला ते हवेच आहे. दरम्यान वर काँक्रीट वाढले, पाणी अधिक वेगाने खाली येऊ लागले. झडप अगदी ठणठणीत असेल, तरी जुना हिशेब आता जुळत नाही.

म्हणून नेरूळच्या वाचकांना माझे उत्तर असे : झडपेकडे पाहिलेत, आता तिच्यामागच्या तलावाची खोली विचारा. बांधताना किती होती, आज किती उरली आहे, पाऊस किती धरला होता. हे आकडे दर पावसाळ्याआधी लोकांसमोर यायला हवेत, कारण अभियांत्रिकी त्या आकड्यांत आहे.

पुढच्या आठवड्यात पूल नक्की.