घोसातलं एक द्राक्ष आणि तेवीस थेंब

नाशिकच्या अशोक स्तंभापासून गंगापूर रोडला लागा आणि गंगापूर धरणाच्या दिशेने चालत सुटा. शहर मागे पडतं, द्राक्षबागा दिसू लागतात. मोसम असेल तर एक घोस घ्या, त्यातलं एकच द्राक्ष तोडा आणि बोटांत धरा. जाडी साधारण अठरा मिलिमीटर. हे द्राक्ष म्हणजे आपला जिवाणू. नाव स्टॅफिलोकोकस. अलेक्झांडर ऑगस्टन या स्कॉटिश सर्जनला १८८० च्या सुमारास गळवातल्या पुवात, सूक्ष्मदर्शकाखाली, हे गोल जिवाणू घोसाघोसाने दिसले. ग्रीक भाषेत ‘स्टॅफिली’ म्हणजे द्राक्षाचा घोस! नाशिककरांना हे नाव परकं वाटायचं कारणच नाही.

खरा जिवाणू एक मायक्रोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याला द्राक्षाएवढं करायचं तर अठरा हजार पट फुगवायला हवं. चला, त्याच पटीने आपणही फुगू. साडेपाच फुटांचा माणूस केवढा होईल? तीस किलोमीटर! डोकं नाशकात टेकवून आडवा झाला, तर पाय थेट त्र्यंबकेश्वरी. एवढ्या राक्षसाच्या नाकपुडीत बसलेलं हे एक द्राक्ष. आणि त्या द्राक्षाला संपवणारा विषाणू, ज्याला फेज म्हणतात, तो केवढा? खसखशीचा दाणा, मागे तीनेक मिलिमीटरची शेपटी. बस्स.

हा जिवाणू कुणा दूरच्या देशातला नाही. दर दहा माणसांत साधारण तिघांच्या नाकात ‘ऑरियस’ जातीचा स्टॅफ निवांत राहत असतो. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची वस्ती पावणेपंधरा लाखांच्या वर होती. म्हणजे साडेचार लाखांच्या आसपास नाकं! पंचवटी एक्स्प्रेसमध्ये दोन हजार माणसं धरली, तर सव्वादोनशे गाड्या भरतील. बहुतेकांना त्याचा काही त्रास नाही. पण तोच जिवाणू ऑपरेशनच्या जखमेत शिरला, नवजात बाळांच्या वॉर्डात शिरला, की धावपळ सुरू. पाच रुग्णांच्या जखमा चिघळल्या, पाचही जखमांत स्टॅफ सापडला. हा एकाच ठिकाणाहून पसरला, की पाच घरांतून पाच आले? सूक्ष्मदर्शकाखाली सगळे सारखे. घोसातल्या द्राक्षांना नावं कशी द्यायची?

इथे फेज कामाला येतो. प्रत्येक फेज काही ठरावीक घराण्यांचेच जिवाणू फोडतो, बाकीच्यांना हातही लावत नाही. मग नऊ सेंटिमीटरची पेट्री प्लेट घ्या, आपल्या चहाच्या बशीहून जरा लहान. त्यावर जखमेतला स्टॅफ पसरा. एकाला एक चिकटून नुसता एक थर म्हटला तरी त्या बशीत सहाशे कोटींहून जास्त जिवाणू मावतात. भारताच्या लोकसंख्येच्या चौपट, तेही एका थरात! द्राक्षांच्या मापाने ही बशी दीड किलोमीटरहून रुंद होईल, आणि तिच्यातली द्राक्षं भरायला दहा टनी दोन हजार ट्रक लागतील. एकामागे एक उभे केले तर अशोक स्तंभापासून धरणापर्यंतचा रस्ता भरेल आणि ट्रक उरतील.

आता त्या थरावर फेजचे थेंब ठेवायचे. आंतरराष्ट्रीय संचात तेवीस फेज ठरले. त्यांना नावं नाहीत, क्रमांक आहेत: २९, ५२, ८०, ८१ वगैरे. तेवीस थेंब, तेवीस प्रश्न. प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही. ठिपका साफ झाला किंवा नाही झाला. एवढंच? थांबा, मोजू या. एका थेंबाने दोन शक्यता. दोन थेंबांनी चार. दहा थेंबांनी १,०२४. विसाव्या थेंबाला १०,४८,५७६. एकविसाव्याला वीस लाखांच्या पुढे, बाविसाव्याला एक्केचाळीस लाखांच्या पुढे, आणि तेविसाव्याला ८३,८८,६०८! नाशिक जिल्ह्याच्या २०११ च्या एकसष्ट लाख माणसांना प्रत्येकी एक वेगळा नमुना वाटला तरी बावीस लाखांहून जास्त शिल्लक. या नमुन्यांना पंचवटीत बसवा, गाडीला दोन हजार. चार हजारांवर गाड्या लागतील. गाडी अर्धा किलोमीटर लांब धरली आणि डब्याला डबा लावत गेलो, तर मुंबईहून निघालेली रांग नाशिक रोड, भुसावळ, नागपूर ओलांडून हावड्याच्याही पुढे जाईल. तेवीस थेंबांतून!

प्रत्यक्षात सगळे नमुने सापडत नाहीत, आणि तपासणारे सावधही असतात. एका थेंबाच्या फरकावर दोन जिवाणूंना वेगळं म्हणत नाहीत, किमान दोन ठळक फरक बघतात. तरीही या थेंबांनी जगभर माग काढला. १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियात नवजात बाळांच्या वॉर्डांत पेनिसिलिनला न जुमानणारा एक स्टॅफ पसरला, मग कॅनडा, ब्रिटन, अमेरिका. त्याची ओळख कशाने पटली? ८० आणि ८१ या दोन फेजनी. म्हणून त्याचं नावच पडलं ८०/८१. भारतात या कामाचं राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या मौलाना आझाद मेडिकल कॉलेजात झालं. आता जिवाणूची सगळी जनुकीय अक्षरं वाचतात, सुमारे अठ्ठावीस लाख. पानाला दोन हजार अक्षरं धरली तर चौदाशे पानांचा ग्रंथ. त्याला फोडणाऱ्या फेजची अक्षरं चाळीसेक हजार, म्हणजे वीसएक पानांची चोपडी. वीस पानांची चोपडी चौदाशे पानांच्या ग्रंथाला ओळखते आणि फाडते!

आणि फाडते कशी! एक फेज आत शिरतो, तासाभरात जिवाणू फुटतो आणि, सोपं म्हणून धरू, शंभर फेज बाहेर पडतात. एक रुपया ठेवलात असं समजा. पहिल्या फेरीला शंभर. दुसरीला दहा हजार. तिसरीला दहा लाख. चौथीला दहा कोटी. पाचवीला एक हजार कोटी रुपये! संध्याकाळी ठेवलेला रुपया मध्यरात्रीच्या आत.

चला, धरणावर पोचलो. गंगापूर धरणाची क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट. जवळपास सोळा हजार कोटी लिटर. दहा लाख लिटरची एक विहीर धरली तर काठोकाठ भरलेल्या एक लाख साठ हजार विहिरी. नैसर्गिक पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण कोटभर विषाणू असतात, आणि त्यातले बहुतेक फेज. चमचाभर पाण्यात पाच कोटी! मग या एका धरणातले विषाणू शेपटीला डोकं लावून मांडू. एकेकाची लांबी कमीत कमी, मिलिमीटरचा दहा हजारावा भाग धरू. किती लांब जाईल रांग? मुंबई-पुणे अंतराच्या शंभर कोटी पटींहून जास्त. पृथ्वीपासून सूर्यापर्यंतच्या अंतराच्या हजार पट.

हे एक धरण. साऱ्या पृथ्वीवरचे फेज किती? अंदाज आहे एकावर एकतीस शून्यं. बोलायचं तर एक हजार कोटी कोटी कोटी कोटी. म्हणताना दम लागतो! ते सगळे तसेच रांगेत मांडू. प्रकाश एका सेकंदात मुंबई-पुणे दोन हजार वेळा कापतो. तो या रांगेच्या एका टोकाला सोडला, तर दुसऱ्या टोकाला पोचायला दहा कोटी वर्षं. डायनोसॉर जमिनीवर हिंडत होते तेव्हा निघालेला किरण आत्ता कुठे पोचत असेल.

त्या रांगेतून निवडून काढलेले हे तेवीस. रात्रभर उबेत राहिलेली प्लेट बाहेर काढा आणि खिडकीच्या उजेडासमोर धरा. पिवळट, गढूळ साय आणि तिच्यात मोजकेच साफ ठिपके. १९१५ साली लंडनमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्टने अशाच जिवाणूंच्या वसाहतींत पहिल्यांदा हा काचेसारखा पारदर्शकपणा पाहिला होता. अहवालात फक्त आकडे लिहायचे: २९/५२/८०. दुसऱ्या रुग्णाची प्लेट पहिल्या प्लेटशेजारी धरा. ज्वारीच्या दाण्याएवढे ठिपके, त्याच जागी, तेच तीन, आणि त्यांच्यातून पलीकडची खिडकी स्वच्छ दिसते.